पंधरा दिवसांची अदलाबदल

चेहरा मला नंतर दिसला. आधी ऐकू आलं ते त्याचं वाक्य.

“घरासाठी घेताय ना? मग लॅपटॉप नका घेऊ.”

जानेवारीतला रविवार होता, दुपारची वेळ. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात मी एका चंदेरी लॅपटॉपच्या झाकणावरून बोट फिरवत उभी होते आणि सुजित नावाचा सेल्समन मला त्यातलं काय काय किती वेगानं पळतं ते सांगत होता. मी वळून पाहिलं. निळा स्वेटर, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, आणि दोन्ही हातांत टॅब… आरतीचं ताट धरावं तसा.

“तुम्ही दुकानातले का?” मी विचारलं.

“नाही हो, गिऱ्हाईकच. पण तासभर झाला उभा आहे. आता सुजितला जेवढं येतं तेवढं मलाही येतं.”

“मग सांगा, का नको?”

“लॅपटॉप घरात आला की एकाचाच होतो. टॅब सगळ्यांचा होतो. या हातातून त्या हातात फिरतो… पापडासारखा.”

“आणि पापडासारखाच मोडतो,” मी म्हणाले. “टॅब म्हणजे मोठा मोबाईल. त्यावर काम होत नाही, नुसतं बघणं होतं.”

“मग घरात माणसं दुसरं काय करतात? एकमेकांकडं बघतातच की.”

हे म्हणताना तो माझ्याकडं बघत होता. ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यानं नजर टॅबवर नेली, मी किमतीच्या चिठ्ठीवर. सुजितनं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, “तुमचं भांडण मिटलं की हाक मारा.”

भांडण काही मिटलं नाही. मी लॅपटॉप घेतला, त्यानं टॅब. दारात त्यानं मला आधी जाऊ दिलं. पायऱ्या उतरताना मागून आवाज आला, “पस्तावाल…”

मी वळले नाही. पण काळेवाडीच्या बसमध्ये बसल्यावर खिडकीच्या काचेत पाहिलं, तर मी हसत होते.

*

मी योगिनी. तळवड्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढते. आम्ही मूळचे लातूरकडचे, औशाजवळचे. मी दुसरीत असताना अण्णा कामासाठी इकडं आले आणि बावीस वर्षं त्यांनी प्रेस मशीनवर काढली. मशीननं त्यांची बोटं शाबूत ठेवली, कान मात्र नेले. एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग ते कुणी बोललं की नुसते हसायला लागले. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोन घेणंच सोडलं. औशाहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन आला की “बरा हाय म्हणावं मी” एवढं सांगून ते फोन आईच्या हातात द्यायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. त्यांची पाठ बघवायची नाही मला.

लॅपटॉप घेतला तो म्हणूनच. अण्णांना आक्का मोठ्या पडद्यावर दिसेल, ब्लाउज शिवणाऱ्या आईला गळ्यांचे नमुने बघता येतील, धाकट्या प्रज्वलला अकरावीचा अभ्यास होईल. पण झालं भलतंच. आईनं मापं घेऊन लॅपटॉपला झालरीचं कव्हर शिवलं आणि तो शोकेसमध्ये ठेवला. प्रज्वल मोबाईलच बघत राहिला. आणि अण्णा! चाळीस टनांचं प्रेस चालवलेला माणूस, पण त्या कळांकडं पाहून त्यांनी हात मागं घेतला. “येवढी बटणं हायत… चुकून एखादं दाबलं तर?” कसंबसं बसवून आक्काला फोन लावला, तर तिला दिसली अण्णांची हनुवटी आणि आमचा फिरणारा पंखा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“पस्तावलात का?”

आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. पण मी म्हणाले, “कोण बोलतंय?”

“दुकानातला… टॅबवाला. आदिनाथ. तुमचं वॉरंटी कार्ड माझ्या खोक्यात आलंय. त्यावर तुमचा नंबर होता. माझं तुमच्याकडं असेल बघा.”

होतं. खोक्याच्या तळाशी निळ्या शाईत लिहिलेलं — आदिनाथ, मुक्काम वाकी, चाकणच्या पुढं.

*

दुसऱ्या दिवशी तो पहिली शिफ्ट संपवून तळवड्याला आला. चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता. आमच्या वर्कशॉपसमोर चहाची टपरी आहे, तिथं आम्ही उभे राहिलो. शेडच्या पत्र्यांवर उन्हाचा शेवटचा तांबूस पट्टा होता आणि चहाच्या वाफेत त्याचा चेहरा मधूनच पुसट व्हायचा, मधूनच स्पष्ट. कार्डांची देवघेव अर्ध्या मिनिटात झाली. चहा मात्र संपता संपेना.

“हे तुमच्यासाठी,” त्यानं गाडीला अडकवलेली पिशवी काढली. हरभऱ्याचे हिरवे डहाळे होते. “शेतातले. सकाळीच उपटलेत.”

“वॉरंटी कार्डाबरोबर हेही मिळतं का?”

“फक्त भांडणाऱ्या गिऱ्हाइकांना.”

मी एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला. आंबूस, कोवळा, थंड. तो बघत होता.

“खरं सांगू का?” तो म्हणाला. “पस्तावलो मीच. टॅब सगळ्यांचा होईल म्हणालो होतो ना? तो वडिलांचा झाला. बाजेवर पडून दिवसभर बैलगाड्यांच्या शर्यती बघतात. गाईची धार काढायच्या वेळेलाच तेवढा खाली ठेवतात. आणि बहीण, तेजल… कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठ पानांचा प्रोजेक्ट लिहायचाय. त्या काचेवर टाइप करून करून बारा पानांत तिची मान धरली. काल तिनं टॅब वडिलांच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, हा तुमचाच.”

मी इतकी हसले की चहा सांडला. मग मीही झालरीच्या कव्हरचं सांगितलं. हनुवटीचं आणि पंख्याचंही सांगितलं… पण ते सांगताना हसू मध्येच कुठंतरी थांबलं. तो रिकामा ग्लास हातात फिरवत राहिला.

“अदलाबदल करायची?” एकदम म्हणाला. “पंधरा दिवस. तुमचा लॅपटॉप माझ्या घरी, माझा टॅब तुमच्या घरी. मग ठरवू कोण बरोबर ते.”

“आणि फुटला तर?”

“मग काय… आयुष्यभर भांडू.”

मी डहाळ्यांची पिशवी छातीशी धरली आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, “चालेल.” कशाला चालेल म्हणाले, ते मी त्यालाही सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

*

सोमवारी टपरीपाशी अदलाबदल झाली. टॅब अण्णांनी लगेच हातात घेतला. त्याला बटणं नव्हती ना! पोथी धरावी तसा मांडीवर ठेवला आणि मी आक्काला फोन लावला. काचेवर आक्काचा चेहरा आला — अंगठ्याएवढा नाही, चांगला ताटलीएवढा. अण्णांनी काचेवरून बोट फिरवलं.

“आक्का… किती वाळलीस गं तू.”

आक्का रडायला लागली. बोलतही होती. अण्णा तिच्या ओठांकडं बघत होते, मधले शब्द निसटत होते, तरी ते मान हलवत होते. आई भाकरी थापता थापता थांबली होती.

मी हे आदिनाथला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “बोललेलं लिहून दाखवणारं एक ॲप असतं. मराठीतही चालतं. टॅबवर अक्षरं मोठी करता येतात. रविवारी येऊ का? म्हणजे… तुमच्या घरच्यांना चालणार असेल तर.”

तो आला. केस पाण्यानं बसवलेले, हातात पुन्हा डहाळे. आई डहाळ्यांवरच खूश झाली. तो अण्णांच्या समोर सतरंजीवर बसला, टॅब मध्ये ठेवला आणि बोलला. ओरडून नाही. आम्ही सगळे अण्णांशी ओरडून बोलायचो, चिडल्यासारखे चेहरे करून. तो मात्र साध्या आवाजात, शब्द न तोडता बोलला आणि काचेवर एकेक अक्षर उमटत गेलं.

“नमस्कार काका. मी आदिनाथ. मीही मशीनवरचाच माणूस आहे.”

अण्णांनी वाचलं. त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा अक्षरांकडं.

“बोल की आणखी,” ते म्हणाले.

मग तो बोलतच राहिला. कंपनीतल्या जुन्या प्रेसबद्दल, त्यातून कायम गळणाऱ्या तेलाबद्दल, तेल कुठून गळतं हे तीन साहेबांना सापडेना आणि शेवटी झाडूवाल्या मावशींनी बोट दाखवून सांगितलं त्याबद्दल. आणि अण्णा हसले. आम्ही हसल्यावर नाही, आमच्याबरोबर. बरोबर त्याच जागी.

मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, अगदी थोडं, पाणी मागावं तसं. मी पाणी आणायला आत गेले आणि तांब्या हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. काय आणायला आले होते तेच आठवेना…

पुढचे दिवस धुक्यातून चालल्यासारखे गेले. सकाळी तळवड्याला उतरलं की खरंच धुकं असायचं, शेडचे फक्त वरचे काठ दिसायचे. संध्याकाळी टपरीपाशी त्याची गाडी. त्याला दरवेळी लॅपटॉपचं काहीतरी विचारायचं असायचं.

“अक्षरं जाड कशी करायची?”

“तेजलला माहीत असेल की.”

“तिला कशाला त्रास…”

एक दिवस त्यानं विचारलं, “बंद कसा करायचा तो?”

मी त्याच्याकडं पाहत राहिले. “अख्ख्या कंपनीची मशीनं सांभाळणारा माणूस तू… आणि लॅपटॉप बंद कसा करायचा विचारतोस?”

“तू म्हणालीस,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“तुम्ही नाही म्हणालीस. तू म्हणालीस.”

कान गरम झाले माझे. त्या दिवसापासून ‘तुम्ही’ कुठं गेलं ते कळलंच नाही.

*

बाराव्या दिवशी संध्याकाळी अण्णा टॅबवर आक्काचे फोटो बघत बसले होते. कानाला ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं वाचतात. वरच्या कडेला काहीतरी चमकलं आणि अण्णांनी ते खणखणीत आवाजात वाचलं.

“रविवारी अकरा वाजता राजगुरुनगरला मुलगी पाहायला निघायचे आहे. आदिनाथला दाढी करायला सांगा. नानासाहेब मामा.”

शेजारच्या वहिनींनीही ऐकलं असेल. प्रज्वलनं पुस्तकातून डोकं वर काढलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. अण्णांनी विचारलं, “आदिनाथ म्हंजे… आपलाच का?”

टॅब घरातल्या सगळ्यांचा असतो, सगळ्यांना सगळं दाखवतो. टॅब देताना त्यानं त्यांच्या घरचा ग्रुप काढला नव्हता. इतकंच. त्यात टॅबची काय चूक? आणि त्याची तरी काय? त्यानं मला कसला शब्द दिला होता? मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, अण्णा उभे राहायचे तिथंच. खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचे दिवे लागले होते. मला वाटलं, बरं झालं. वेळेत कळलं. मग वाटलं, कसलं बरं झालं…

त्याचे दोन फोन मी घेतले नाहीत. शनिवारी मीच त्याला निरोप पाठवला — लॅपटॉप घेऊन ये, टॅब घेऊन जा.

*

तळवड्याहून चाकणकडं जाताना इंद्रायणीवर पूल लागतो. त्याच्या अलीकडं, रस्ता सोडून, तो गाडीला टेकून उभा होता. नदीवर संध्याकाळचा पातळ धूसर पडदा उतरला होता आणि पलीकडच्या काठावर बगळे परतत होते. लॅपटॉपची बॅग त्यानं आणली नव्हती.

“दोन दिवस राहिलेत अजून,” तो म्हणाला.

“नको. अण्णांसाठी मी नवा टॅब घेईन. तुमचं तुमच्याकडं, आमचं आमच्याकडं.”

“तुमचं? परवापर्यंत तर तुझं होतं.”

“उद्या राजगुरुनगरला जायचंय ना? दाढी करून?”

त्याचा हात आपसूक हनुवटीवर गेला. “हे कुणी…”

“तुझ्या टॅबनं. अण्णांनी मोठ्यानं वाचलं.”

मला वाटलं होतं तो काहीतरी बनवून सांगेल. चुलतभावासाठी आहे, मित्रासाठी आहे, गंमत आहे. तसं सांगितलं असतं तर मी कदाचित विश्वासही ठेवला असता. पण तो म्हणाला, “माझ्यासाठीच आहे. मामांनी ठरवलंय. मी हो म्हणालो नाही.”

“नाहीही म्हणाला नाहीस.”

“नाही म्हणालो की वडील विचारणार, का नाही? काय सांगू त्यांना? एका मुलीशी लॅपटॉप बदललाय म्हणून?” तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. “सांगण्यासारखं एवढंच आहे माझ्याकडं, योगिनी. बाकीचं सगळं माझ्या मनातलं आहे. तुझ्या मनातलं मला कुठं ठाऊक आहे?”

पुलावरून एक लांबलचक ट्रेलर गेला, नव्या गाड्या भरलेला. तो जाईपर्यंत बोलता येईना. मला तेवढा वेळ मिळाला. 

“तू विचारलंस कुठं?”

“आता विचारतोय.”

मी त्याच्या स्वेटरच्या बाहीकडं बघत बोलले. चेहऱ्याकडं बघून जमलं नसतं.

“तू विचारलेला प्रत्येक खोटा प्रश्न मला आवडायचा. बंद कसा करायचा, तोसुद्धा. आणि तू अण्णांशी बोललास ना… त्यांना ऐकू येत नाही म्हणून ओरडला नाहीस. माणसाशी बोलावं तसा बोललास. त्या दिवसापासून मला… दुसरं कुणी नकोय.”

तो हळूच म्हणाला, “परत म्हण ना.”

“नाही. मला एकदाच जमतं.”

त्यानं हात पुढं केला. माझ्या हातात टॅबची पिशवी होती, तिचा एक बंद त्यानं धरला, दुसरा माझ्याकडंच राहिला. बोटं लागली नाहीत… लागली असती तर बरं, असं वाटण्याइतकी जवळ होती.

“टॅब राहू दे काकांकडं,” तो म्हणाला. “मी घरी बोलतो. आजच.”

*

रविवार. नऊ वाजले, अकरा वाजले. त्याचा फोन नाही. बारा वाजता मी आईच्या शिलाई मशीनपाशी बसून बटणं लावायला घेतली आणि चारातली तीन उलटी लावली. आईनं ती उसवली.

चार वाजता दार वाजलं. दारात आदिनाथ होता आणि त्याच्या पुढं पांढरी टोपी घातलेले, उन्हानं रापलेले त्याचे वडील, गेनबा. चपला काढता काढताच त्यांनी घर नजरेनं पाहून घेतलं.

“राजगुरुनगरला गेलो न्हाई, म्हनून नानासाहेब रुसलाय,” ते आईला म्हणाले, जणू रोजची ओळख. “येईल वळणावर. तुमचा तो लॅपटॉप तेजलनं काय सोडला न्हाई बघा. साठ पानं झाली तिची. म्हनली, बाबा, ह्यो परत देऊ नका.”

“मग राहू दे की तिच्याकडं,” आई म्हणाली. त्या चंदेरी लॅपटॉपचं आमच्या घरातलं राहणं तिथंच संपलं.

अण्णांनी टॅब मध्ये ठेवला, ॲप उघडलं आणि कौतुकानं पाहुण्यांकडं सरकवलं. गेनबांनी घसा खाकरला. “आमच्या पोराचं म्हननं हाय…”

काचेवर अक्षरं उमटली. अण्णांनी मोठ्यानं वाचलं, “आमच्या पोराचं म्हणणं हायवे.” ते चिंतेत पडले. “हायवे? जमीन गेली का काय तुमची हायवेत?”

आधी प्रज्वल हसला, मग आई, मग सगळेच. गेनबा तर टोपी काढून हसले. मग त्यांनी टॅब उचलून बाजूला ठेवला, सतरंजीवर अण्णांच्या शेजारी सरकले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानाजवळ तोंड नेऊन सावकाश म्हणाले, “माझ्या पोराला तुमची पोरगी आवडली. तुमाला चालंल का?”

अण्णांना ऐकू आलं. किती आलं ते ठाऊक नाही, पण पुरेसं आलं. ते गेनबांकडं वळले.

“लई लांब हाय का हो वाकी?”

“न्हाई वो. तासाभराची वाट.”

“मग मला नको, तिला विचारा,” अण्णा म्हणाले. “तिच्या मनात काय हाय, ते तिनंच सांगावं.”

गेनबा माझ्याकडं वळले. हातातल्या पोह्यांच्या बशा मी कुठं ठेवल्या ते आठवत नाही. आदिनाथ फरशीकडं बघत होता, त्याची बोटं सतरंजीचा एकच दोरा ओढत होती.

“काय गं पोरी? तुझं काय म्हननं हाय?”

पुलापाशी म्हणाले होते मी, मला एकदाच जमतं. खरं नव्हतं ते.

“व्हय,” मी म्हणाले. माझ्या रोजच्या बोलण्यातला नाही, गेनबांच्या बोलीतला शब्द. कसा आला तोंडात कुणास ठाऊक.

आदिनाथनं मान वर केली. त्या सबंध दुपारी पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग नजर काढलीच नाही, एवढ्या माणसांत, माझ्या अण्णांच्या देखत…

“पोहे गार होतायत,” आई म्हणाली.

कुणी जागचं हललं नाही.